किल्ली शेजारच्या घरी

सकाळी पावणेसहा

उठल्याबरोबर आधी फोन बघते. देवाला हात जोडणं, चहाचं आधण ठेवणं नंतर. चोवीस वर्षं या कामात आहे, त्यातली वीस तरी वर्षं ही सवय आहे.

आज एक मिस कॉल आहे, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांचा. नंबर होटगीतल्या एका बाईंचा. त्यांच्या नवऱ्याने सात आठवड्यांपूर्वी फवारणीचं औषध घेतलं होतं. नऊ दिवस सिव्हिलला होता, वाचला, घरी आला. मी लगेच फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. इतकी वर्षं झाली तरी अशा वेळी हात थरथरतो. मग त्यांच्या वस्तीच्या आशाताईला उठवलं. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही फोन ठेवा, मी जाऊन येते."

वीस मिनिटांनी तिचा फोन आला. "सगळं ठीक हाय. रात्रीची लाईट होती. दाजी हरभऱ्याला पाणी द्यायला गेले होते. वहिनीला जाग आली तर अंथरूण रिकामं. घाबरून तुम्हाला लावला. मग रानात बॅटरी हलताना दिसली म्हणे, तेव्हा जिवात जीव आला."

शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला माणूस विंचूकाट्यातून बॅटरी घेऊन रानात जातो. शेतकऱ्याच्या घरात हे रोजचंच आहे. पण ज्या घरात एकदा तसं घडून गेलं, त्या घरातल्या बाईला रिकामं अंथरूण दिसलं की दुसरं काही सुचत नाही. आज तिथे जायचंच, हे मी चहा पितानाच ठरवलं.

साडेआठ

सोलापूरहून होटगीला जायला मला स्कूटरवर अर्धा तास पुरतो. सध्या पाऊण तास लागतो, कारण कारखान्याचा हंगाम आहे. कुमठ्याच्या सिद्धेश्वर कारखान्याकडे निघालेल्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या उसाच्या गाड्या रस्ता अडवून चालतात. पुढे विमानतळाची भिंत, मग मोकळं रान. तूर काढायला आली आहे. वेळअमावास्या होऊन चारच दिवस झालेत, रानारानांत कडब्याच्या कोपी अजून उभ्या आहेत. त्या दिवशी सगळा तालुका शेतात जेवतो. भज्जी, आंबील, उंडे. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हमखास दोन-तीन बायका येतात, कारण कुठल्या तरी कोपीत बाटली निघालेली असते.

होटगी म्हणजे जंक्शन. मुंबई-चेन्नई मार्गावरून इथे एक फाटा फुटतो आणि विजयपूरवरून गदगकडे जातो. गदगहून पुढे बळ्ळारी. या गावाशी माझ्या कामाचं नातं मला त्या फाट्यामुळे जवळचं वाटतं. आपल्या देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली कागदावर आला, पण तो जिल्ह्याच्या पातळीवर चालवता येतो हे बंगळुरूच्या निम्हान्सने बळ्ळारी जिल्ह्यात करून दाखवलं. त्या प्रयोगावरून १९९६ साली जिल्हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्याच एका टोकाला आज मी उभी आहे. वेड्यांच्या इस्पितळात माणूस नेण्याऐवजी औषध आणि बोलणारं माणूस गावाच्या दवाखान्यात आणायचं, एवढीच त्यामागची कल्पना.

गावात निम्म्या घरांची बोली कानडी आहे. बाहेर मराठी, चुलीपाशी कानडी. मी कानडी अर्धवट शिकले. पण म्हातारीच्या ओसरीवर बसून "ऊटा आतेन्री, अव्वा?" असं विचारलं, म्हणजे जेवण झालं का एवढंच विचारलं, तरी पुढचा अर्धा तास ती बोलते. दु:ख माणूस आपल्या चुलीपाशीच्या भाषेत सांगतो.

सव्वानऊ

गावच्या दवाखान्यात बाह्यरुग्ण विभागाची रांग लागली आहे. मी मानसोपचार सामाजिक कार्यकर्ती. डॉक्टर नाही, औषध लिहून देत नाही. मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात. मधल्या दिवसांत माणसं ओळखायची, बोलतं करायचं, औषध चालू ठेवायचं आणि घरापर्यंत जायचं हे माझ्याकडे.

"मन उदास आहे" असं सांगत इथे कोणी येत नाही. अंग दुखतंय, डोकं जड आहे, छातीत धडधडतंय, जेवण जात नाही. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरते, त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या प्रश्नांबरोबर शेवटी दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतंय का. फॉर्म घाईत भरला जातो आणि या दोन प्रश्नांना "नाही, नाही" अशी खूण होते. मी आशाताईंना सांगते, बाकीचा फॉर्म उभ्याने भरा, हे दोन प्रश्न बसून विचारा. आणि फॉर्म तिशीच्या पुढचा असला तरी त्या घरातल्या तेवीस वर्षांच्या पोराकडेही बघून या.

आज दुसऱ्याच नंबरला एक बावन्न वर्षांचे गृहस्थ. झोप येत नाही म्हणून गोळी हवी आहे.

"झोप येत नाही" हे तीन शब्द ऐकले की मला २००४ साल आठवतं. सोलापुरात यंत्रमागावर काम करणारा एक तरुण माझ्यासमोर बसून हेच म्हणाला होता. मी त्याला जेवणाचं विचारलं, पगाराचं विचारलं, दारूचं विचारलं, बायको माहेरी का गेली ते विचारलं. एक गोष्ट विचारली नाही. मला वाटलं, आपण तो शब्द उच्चारला तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार घालू. बाराव्या दिवशी तो गेला. त्याची आई मला म्हणाली, "तुमच्याकडं आला होता ना?" तिने दोष दिला नव्हता, नुसतं विचारलं होतं.

तेव्हापासून विचारते. सरळ विचारते. या प्रश्नावर पुढे बरेच अभ्यास झाले आणि त्यांतून हेच दिसलं, की विचारल्याने आत्महत्येचा विचार वाढत नाही. कित्येकांना हलकं वाटतं. आजच्या गृहस्थांनाही विचारलं, "काका, कधी असं वाटतं का की आता जगणंच नको?" ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाटतं." पुढचा प्रश्न, "जीव द्यायचा विचार मनात येतो? काही ठरवलंय का?" ठरवलं काही नव्हतं. मुलीच्या लग्नाचं कर्ज, मुलगा बोलत नाही, आणि दोन वर्षांपासून रोज संध्याकाळी क्वार्टर. चाळीस मिनिटं गेली. रांगेतली माणसं कुरकुरली, सिस्टर दोनदा डोकावून गेल्या. निघताना त्यांचे खांदे आले तेव्हापेक्षा खाली उतरले होते. येत्या मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली, त्यांच्यासमोरच त्यांच्या मेव्हण्याला फोन लावला आणि तोवर त्यांना एकटं न ठेवण्याचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

त्यानंतर आल्या एक वहिनी. पदराच्या गाठीत कसलीशी पूड. कुठल्या तरी गावच्या बाबाने दिलेली, नवऱ्याच्या नकळत कालवणात घालायची, दारू सुटते म्हणे. मी पूड ठेवून घेतली. अशा पुडीत काय असतं हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. दारू सोडवायच्या खऱ्या गोळ्यांपैकी एक अशी आहे, की ती घेतलेली असताना दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. दुसरी गोष्ट मी प्रत्येक घरात सांगते. रोज पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून एकदम दारू बंद करू नका. हात थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, आणि दोन-तीन दिवसांत माणूस दगावू शकतो. दवाखान्यात आणा. आठ-दहा दिवसांच्या औषधाने शरीर सावरतं. मन सावरायला वेळ लागतो, त्यासाठी आम्ही आहोत.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेच्या मंडळींनी जे केलं, त्याने मला मोठा धीर दिला. त्यांनी डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतच दारू पिणाऱ्यांशी जास्तीत जास्त चार भेटींत बोलायला लावलं. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ३६ टक्के माणसं धोक्याच्या पिण्यातून बाहेर आली होती. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हा आकडा २६ होता. दहा टक्क्यांचा फरक कमी वाटेल. शंभर घरं डोळ्यांसमोर आणा आणि त्यातली दहा मोजा.

अकरा

वस्तीवर पोचले. पहाटेचा फोन करणाऱ्या वहिनींचे डोळे सुजलेले, आणि चेहऱ्यावर अपराधी भाव. "उगाच तुम्हाला त्रास दिला." मी म्हटलं, असा त्रास रोज द्या.

नवरा ओसरीवर बसला होता. रात्रभर पाणी दिलेला, पायाला चिखल वाळलेला. आमचं बोलणं तुरीपासून सुरू झालं. शेंगा किती धरल्या, काढणीला माणसं मिळतात का, भाव काय निघेल. मग मी म्हटलं, "पेटी दाखवा."

पत्र्याची साधी पेटी आहे, लग्नात आलेली. निळा रंग उडालाय, झाकणावर कमळ. कोयंड्याला नवं पितळी कुलूप. घरात फवारणीचं जे काही होतं ते सगळं त्यात. पूर्वी हे डबे कुठे होते? अंथरुणांच्या वळकटीमागे, कणगीजवळ. किल्ली या घरात नाही. ती दोन घरं सोडून राहणाऱ्या चुलत भावजयीकडे आहे. फवारणीच्या दिवशी दिवसाउजेडी तिच्याकडून मागून आणायची आणि संध्याकाळी परत द्यायची. मी भावजयीकडे जाऊन किल्ली पाहिली. तिने ती देव्हाऱ्यातल्या हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेवली होती.

आपल्याकडे फवारणीच्या विषाला "औषध" म्हणतात. "औषध मारलं" म्हणजे फवारलं आणि "औषध प्याला" म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. ज्या शब्दाने आपण लेकराच्या तापावर उतारा आणतो, त्याच शब्दाने हे विष घरात सहज वावरतं. मी वस्तीवर मुद्दाम "विष" म्हणते. सुरुवातीला लोकांना खटकायचं. खटकलं पाहिजे.

पेटीवर मी विसंबते असं कोणाला वाटू नये. श्रीलंकेत १८० गावांत, ५३ हजारांहून अधिक घरांत फार मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत प्रत्येक शेतकरी घराला कुलपाची पेटी दिली. २०१७ साली निष्कर्ष आले, तेव्हा दिसलं की विष घेण्याचं प्रमाण त्याने कमी झालं नाही. घरातच पेटी, घरातच किल्ली, कुलूप कधी लागतं, कधी लागत नाही. हा निकाल वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. मग किल्ली घराबाहेर ठेवायला सुरुवात केली. तामिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी तर विषच घराबाहेर काढलं. गावासाठी एकच सामायिक खोली आणि तिथे प्रत्येक शेतकऱ्याचा कुलूपबंद कप्पा. आपल्या विकास सोसायट्यांना, दूध संघांना हे सहज जमेल. खोली असते, कपाट असतं, चावी सांभाळणारा माणूसही असतो.

पण सगळ्यांत मोठा फरक पडला तो सरकारच्या सहीने. त्याच श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक खाली आलं. शेतीचं उत्पन्न घटलं नाही. असं का होतं ते या ओसरीवर बसलं की कळतं. हा माणूस मला दुसऱ्या भेटीत म्हणाला होता, "अक्का, अर्ध्या तासापूर्वी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. भांडण झालं आणि हात तिकडं गेला." तो अर्धा तास निघून जाऊ द्यायचा असतो. हाताजवळ काही नसेल तर बहुतेकांचा तो निघून जातो, आणि ती माणसं म्हातारी होऊन नातवंडं खेळवतात.

निघताना त्याची चिठ्ठी पुन्हा वाचली. सिव्हिलमधून सुटला तेव्हा आम्ही दोघांनी बसून ती लिहिली होती, जुन्या कालनिर्णयच्या पानामागे, त्याच्याच अक्षरात. डोकं गरम होतंय हे कशावरून कळतं: "कान तापतात, कोणाचा आवाज नको वाटतो." तेव्हा काय करायचं: "बैलाला पाणी दाखवणे. मारुतीच्या पारावर जाणे." कोणाला फोन करायचा: भावजय, मग मित्र, मग मी, मग १४४१६. हा शेवटचा टेलि-मानस या मदतवाहिनीचा नंबर. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने सुरू केला, दिवसरात्र चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. "बैलाला पाणी दाखवणे" ही ओळ मला कुठल्याही प्रशिक्षणात सुचली नसती.

सिव्हिलमध्ये घरच्यांनी आधी "चुकून पोटात गेलं" असंच सांगितलं होतं, पोलिसांच्या भीतीने. मी सगळ्यांना सांगते, आता तसं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं ठरवलं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य केलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेचं ते ३०९ कलमही गेलं. डॉक्टरांना खरं सांगा. खरं कळलं की बरोबर उतारा लवकर मिळतो.

दीड

कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. आशाताईने वांग्याची भाजी दिली. वीस मिनिटं. एवढा वेळ तरी दु:खाचं बोलायचं नाही, असा आमचा दोघींचा नियम आहे. आज सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला तिच्या धाकटीला कुठल्या पाळण्यात बसवायचं यावर बोललो.

सव्वादोन

शाळा. आठवीचा वर्ग. मी भाषण करत नाही. मुलांना घेऊन फाटकाबाहेर जाते आणि टेपने अंतर मोजायला लावते. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे किती, हे मुलांनी आपल्या पायांनी मोजलं की ती घरी जाऊन बोलतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा मिळतो, हे मुलंच मला सांगतात. कुठे मिळतो तेही सांगतात. मग एक जण हळूच विचारतो, "मॅडम, आजी मिश्री लावते, तिला पण कॅन्सर होतो का?" होऊ शकतो, मी सांगते. खोटं बोलून मुलांशी नातं टिकत नाही.

वर्ग सुटल्यावर एक मुलगी दप्तर भरायला फार वेळ लावत होती. मी थांबले. तिचं काय ते इथे लिहिणार नाही. उद्या तिच्या आईला भेटणार आहे.

साडेतीन

या घरात तीन आठवड्यांपूर्वी मृत्यू झाला. बांधकामावर रोजंदारीने जाणारा माणूस. देशात २०२२ साली १,७०,९२४ माणसं आत्महत्येने गेली, त्यातली २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातली. इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आणि देशभरात दर चौघांपैकी एकाहून अधिक जण रोजंदारीवर जगणारे. शेतकऱ्याच्या मृत्यूची निदान बातमी होते, शासनाची समिती बसते, पात्र की अपात्र ते ठरतं. रोजंदारीवाल्याच्या मृत्यूची कोणाच्याच दारात नोंद नसते.

बायको सव्वीस वर्षांची. दोन मुलं. वेळअमावास्येला कोणी रानात बोलावलं नाही, हे तिने दोनदा सांगितलं. दु:ख नवरा गेल्याचं आहेच, पण "हिच्या तोंडामुळे गेला" हे शब्द तिच्या कानावर आलेत. आपल्या भाषेतला शब्दच बघा, आत्महत्या. त्यात हत्या आहे. हत्या म्हटली की गाव गुन्हेगार शोधायला लागतं, आणि ती बहुतेक वेळा घरातलीच बाई असते. मी सासूसमोर मुद्दाम मोठ्याने सांगितलं की हा आजारपणाचा मृत्यू आहे, एका कारणाने कोणी जात नाही. दारू होती, काम तुटलं होतं, वर्षभर झोप नव्हती, आणि कोणी डॉक्टरला दाखवलं नव्हतं. सासू ऐकत होती. शेवटी तिने सुनेपुढे चहाचा कप सरकवला.

पोरांना सांगितलंय, बाबा कामाला पुण्याला गेलेत. मी म्हटलं, सांगा. थोडक्यात सांगा, पण खरं सांगा: बाबांच्या मनाला मोठा आजार झाला होता, त्यात ते गेले, तुमची काही चूक नाही. मुलांना एक दिवस शाळेत कळतंच, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून कळणं फार वाईट.

तिथूनच एका वार्ताहराला फोन केला. त्याने मागे एका बातमीत कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय लिहिलं होतं, सगळं छापलं होतं. प्रेस कौन्सिलने २०१९ साली यासाठी नियम घालून दिलेत. पद्धत लिहू नका, मथळ्यात घेऊ नका, मदतीचा नंबर द्या. तो चांगला मुलगा आहे. म्हणाला, "मॅडम, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

साडेसहा

मंदिराच्या सभामंडपात दारू सोडणाऱ्यांची बैठक. आज सात जण आले, एक जण पहिल्यांदाच. दोघे वीज प्रकल्पावर ठेकेदाराकडे काम करणारे, त्यातला एक बिहारचा. त्याला हिंदीत सांगावं लागतं, ते दुसराच कोणीतरी सांगतो. मी कोपऱ्यात बसते. बोलायचं त्यांनी.

१९८६ च्या २९ ऑगस्टला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने. मी नोकरीला लागले त्या वर्षी ते पाहायला गेले होते. तिथे बरे झालेलेच नव्यांना सांभाळत होते, पंगत तेच वाढत होते, झाडूही तेच मारत होते. या सभामंडपातली बैठक ही त्याचीच बारकी फांदी.

आज एक जण मुळेगाव तांड्याबद्दल बोलला. याच तालुक्यातला तांडा, हातभट्टीसाठी बदनाम झालेला. २०२१ साली तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. नुसत्या धाडी घालून भट्ट्या पुन्हा पेटतात हे पोलिसांना माहीत होतंच. त्यांनी अधिकाऱ्यांना गावं वाटून दिली आणि भट्टी सोडणाऱ्यांना दुसरा धंदा उभा करायला हात दिला. बैठकीतला हा माणूस कधीकाळी तिथून दारू आणायचा. म्हणाला, "ज्याच्याकडून घेत होतो, तोच परवा भेटला. म्हणाला, मी सोडली, तू सोडलीस का?" सगळे हसले, तोही हसला. त्याचा आज एकशे बारावा दिवस. टाळ्या झाल्या.

पहिल्यांदा आलेला शेवटपर्यंत गप्प होता. जाताना फक्त चपला घालताना म्हणाला, "पुढच्या वेळी पण साडेसहालाच का?"

रात्री नऊ

घरी आले, जेवले, वही काढली. या वहीत प्रत्येक नावापुढे एकच मालिका आहे: आठवडा एक, दोन, चार, सात, अकरा. मग महिने चार, सहा, बारा, अठरा. ही मालिका माझी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबोसह पाच ठिकाणी आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ माणसांवर अभ्यास केला, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांशी त्याशिवाय तासभर नीट बोलणं आणि मग या नऊ वेळांना फोन किंवा भेट. अठरा महिन्यांनी पहिल्या गटातले २.२ टक्के आत्महत्येने गेले होते, दुसऱ्यातले ०.२. यात यंत्र नाही, महाग औषध नाही. कोणीतरी ठरल्या दिवशी विचारलं, कसे आहात. माझ्या कारकिर्दीत मी जे काही शिकले त्यातलं हे सर्वांत स्वस्त, आणि आपल्याकडे सर्वांत कमी होणारं. सिव्हिलमधून कागद घेऊन माणूस बाहेर पडतो आणि त्याला पुन्हा कोणी फोन करत नाही.

हे वाचणाऱ्या तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत असं कोणी परतून आलं असेल, तर हे नऊ दिवस तुमच्या कालनिर्णयवर आजच खुणा करून ठेवा. शिकलेलं असायला लागत नाही. आणि तुम्हाला स्वतःला जगणं नको वाटत असेल, तर आता, याच घडीला, जवळच्या एका माणसाला ते शब्दांत सांगा, नाहीतर १४४१६ लावा.

वस्तीवर फोन लावला. तिसऱ्या रिंगला त्यानेच उचलला. मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज. "जेवलात का?" "जेवलो. लाईट दिवसाची झाली, उद्यापासून." "बरं झालं. झोपा आता." "अक्का, तुम्ही पण झोपा. सकाळी लवकर उठवलं आम्ही तुम्हाला."

वहीत लिहिलं: आठवडा सातवा, भेट आणि फोन, किल्ली जागेवर. पुढचा फोन अकराव्या आठवड्यात, संक्रांत झाल्यावर.